लिलीच्या वाफ्याचा ताबा

४ मार्च

आधी वस्तुस्थिती, क्रमाने. मत शेवटी.

पहिली गोष्ट, हे घर दुमजली आहे. खालचा मजला माझा, वरचा दादाचा. वडिलांच्या मृत्युपत्रात तसे स्वच्छ लिहिले आहे, आणि मसुदा मीच केलेला असल्यामुळे त्यात संदिग्धतेला जागा नाही. बाग मात्र सामाईक आहे. दुसरी गोष्ट, दादा गेल्यापासून वरच्या मजल्यावर वहिनी एकट्या राहतात. तिसरी, नोव्हेंबरात मी एका परिषदेसाठी बाहेरगावी गेले असताना वहिनींनी मागच्या हिरवळीचा एक अख्खा पट्टा खणून काढला आणि त्यात लिलीचे कांदे पुरले. ही हिरवळ मी अनेक वर्षे काटकोनात राखली होती. सामाईक मालकाची संमती घेण्यात आली नाही. चौथी, जानेवारीत वहिनी जिन्यावरून घसरल्या. हाड मोडले नाही, पण गुडघा दुखावला, आणि त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, धास्तावली. पाचवी, भाचीने आईला कायमचे आपल्याकडे न्यायचे ठरवले आहे. तिचा फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे, पण लिफ्ट आहे. तिथली एक खोली सप्टेंबरअखेर रिकामी होईल, तेव्हा वहिनी जातील. या निर्णयाबद्दल माझे मत विचारण्यात आले. निर्णय योग्य आहे, असे मी सांगितले. सहावी आणि शेवटची, आज त्या पट्ट्यात कोंब वर आले.

आता मत. जी व्यक्ती सप्टेंबरात जाणार, तिचा वाफा ऑक्टोबरात कोणाच्या गळ्यात पडणार हे सांगायला कायद्याची पदवी लागत नाही. कोणतेही काम अर्धवट माहितीवर करण्याची मला सवय नाही. म्हणून ही दैनंदिनी.

९ मार्च

वहिनींकडून माहिती घेण्याचा प्रयत्न केला. साक्षीदार म्हणून त्या निरुपयोगी आहेत.

"कांदे किती लावलेत?"

"मोजले नाहीत हो वन्सं. पिशवी संपली तसं थांबले."

"किती खोल?"

"मनगट बुडेपर्यंत. एखादा जास्त गेला असेल खाली, येईल दमादमानं."

"आणि जाती कोणत्या?"

"एक पांढरी आणि एक पिवळी. दुकानदारानं लांबलचक नावं सांगितली होती, पण मी म्हटलं, नावानं हाक मारल्यावर ती काय धावत येणारे का?"

यावर त्या स्वतःच हसल्या. त्यांचे हसणे खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येते, याची नोंद मी पूर्वीही अनेकदा केली आहे.

ग्रंथालयातून तीन पुस्तके आणली. कांद्याच्या उंचीच्या तिप्पट खोलीवर लावावा, असे तिन्हीत आहे. वहिनींचे मनगट त्याच्या जवळपास भरते. हा योगायोग आहे.

एक कांदा उरला होता, तो त्यांनी मला पाहायला दिला. कांदा हा शब्दच चुकीचा आहे. वर टरफल नाही, संरक्षण म्हणून काहीच नाही. नुसते मांसल खवले एकमेकांना बिलगून बसलेले, आणि खाली मुळांची दाढी. इतकी उघडी, इतकी बेसावध वस्तू थंडीभर ओल्या मातीत राहते आणि कुजत नाही, हे मला मान्य करणे जड गेले. पुष्कळ वेळ हातात धरून बसले होते.

२३ मार्च

वाचले की लिलीला डोके उन्हात आणि पाय सावलीत लागतात. वर जाऊन सांगितले, की बुंध्याशी ठेंगणी झाडे लावायला हवीत.

"लावलीत की! ती कडेची बारकी रोपं दिसली नाहीत का तुम्हाला?"

मला ते तण वाटले होते. त्यातले काही मी काल उपटले. हे सांगण्याचा प्रसंग आला नाही.

२२ एप्रिल

पानांवर लाल भुंगेरे आले आहेत. रंग इतका चकचकीत, की मी आधी कौतुकच केले. नंतर पुस्तकात पाहिले, तर हेच लिलीचे सर्वांत मोठे शत्रू. वेचायला गेले की ते पानावरून अंग सोडून देतात, मातीत उलटे पडतात, आणि पोट काळे असल्यामुळे दिसेनासे होतात. अर्धी सकाळ गेली. हाती एकही लागला नाही. कायद्यातल्या पळवाटा शोधणाऱ्यांना मी आयुष्यभर शिकवले, पण इतका निष्णात कोणी पाहिला नव्हता.

वहिनी वरून खिडकीतून पाहत होत्या. शेवटी काठी टेकत टेकत जिना उतरून आल्या. (जिना उतरू नये अशी डॉक्टरांची सूचना आहे. मी ती त्यांना वाचून दाखवली.) त्यांनी डावा तळवा पानाखाली धरला आणि उजव्या बोटाने पान नुसते हलवले. भुंगेरा आपण होऊन तळव्यात.

"पकडायला जायचं नाही त्याला. तो पडणारच आहे, आपण फक्त खाली असायचं."

मग मूठ मिटून त्यांनी माझ्या कानाशी धरली. आत तो चिंचिं करीत होता. एवढासा किडा, आणि तक्रार करीत होता! मी हसले असावे, कारण वहिनी म्हणाल्या, "बघा, वन्संना दात आहेत."

१५ मे

दांडे आता माझ्या खांद्याला लागतात. पाने दांड्याभोवती अशी फिरत वर चढली आहेत, की कोणत्याही पानाची सावली खालच्यावर पूर्ण पडत नाही. आयुष्यात मी हजारो पानांचे मसुदे तपासले. त्यांतल्या एकातही एवढी शिस्त आढळली नव्हती.

भाचीचा फोन होता. आईला झाडांची फार हौस आहे असे दिसते, तेव्हा गॅलरीत चार कुंड्या ठेवू, म्हणाली. मी विचारले, गॅलरीला वारा किती? "बापरे, आत्या, कपडे उडून जातात!" म्हणजे खांद्याइतक्या उंच दांड्यांचे काय होईल हे उघड आहे. तरीही निर्णय योग्यच आहे. जिना आहे, गुडघा आहे, वय आहे.

रात्री झोप नीट लागली नाही. उशी बदलायला हवी.

१७ जून

पिवळी फुलली.

काल मिटलेली कळी होती, हिरवट आणि निर्विकार. आज पाकळ्या मागे वळून बसल्या आहेत आणि घशातला रंग अंड्याच्या बलकासारखा दाट आहे. मी चहा घेऊन बाहेर गेले होते. कप रिकामा न करता परत आले, ही गोष्ट माझ्याबाबतीत पूर्वी घडलेली नाही.

वहिनी माझ्याही आधी तिथे होत्या. घरच्या कपड्यांत, वेणी न घालता, फुलात जवळजवळ नाक घालून. नाकावर परागांचा गंजासारखा डाग.

"वास घ्या ना, वन्सं. लांबून काय बघताय? ते काय परीक्षेचे पेपर आहेत?"

घेतला. शेंड्याला टोक आणि मागे गोडवा असा तो वास आहे. याहून अचूक वर्णन जमत नाही, याची खंत वाटते. माझ्याही नाकाला डाग लागला. वहिनींनी तो पुसू दिला नाही, घासला तर पसरतो म्हणे. चिकटपट्टी आणून अलगद टिपला. काम करताना त्या गप्प होत्या. त्यांना गप्प बसता येते, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते.

२९ जून

पांढरी फुलली. पाकळीच्या पाठीवर जांभळी छटा, आत निखळ पांढरे. या शुभ्रतेवर परागांचा एकही डाग पडू नये म्हणून फूल उमलताच नखे कापायच्या कात्रीने मी सर्व परागकोश काढून टाकते. परिणाम निर्दोष आहे.

वहिनी म्हणाल्या, "अरेरे, सगळ्यांच्या मिशा भादरल्यात!" पण त्यांनी हरकत घेतली नाही. उलट, "बरं झालं, माझं काम वाचलं," असे काहीतरी पुटपुटल्या. कोणते काम, ते विचारायचे राहिले.

७ जुलै

आजची नोंद मला मुळीच आवडत नाही.

पांढरीच्या काही फुलांत, मधल्या दांडीच्या टोकावर, चॉकलेटची चांदी गुंडाळून टोपीसारखी बसवलेली आढळली. वहिनींना डॉक्टरांनी गोड बंद केले आहे. त्यांची कचऱ्याची टोपली मी अधूनमधून पाहते, हे त्यांना माहीत आहे. तेव्हा पुरावा लपवायला त्यांनी फुले निवडली, असा निष्कर्ष मी काढला, आणि कल्पकतेबद्दल मनात दादही दिली. ती सगळी चांदी काढली. फुले कोमेजत आली होती आणि बी धरले तर कांदा अशक्त होतो असे पुस्तकात आहे, म्हणून फुलेही बुडख्यासकट कापली. चांदीचे तुकडे बशीत घेऊन वर गेले.

"हे काय आहे, वहिनी?"

त्यांनी चष्मा लावला, बशीत पाहिले आणि मोठ्याने हसल्या. मग हसणे थांबले.

"फुलं कुठायत?"

"कापली. कोमेजली होती."

"बुडखाही?"

"अर्थात."

त्या खुर्चीत बसल्या. पिवळीचे पराग त्यांनी पांढरीला लावले होते. दुसरे काही आत जाऊ नये म्हणून वरून चांदीची टोपी. "मी त्या दोघांचं लग्न लावून दिलं होतं, वन्सं. पाळणा हलायच्या आत तुम्ही घरच मोडलंत."

मी म्हटले, की मला सांगायला हवे होते. ते बरोबरच होते.

"सांगितलं असतं तर तुम्ही आधी नियमावली मागितली असती."

हेही बरोबर होते. मग मी मुद्द्याचा प्रश्न विचारला. बियांपासून फूल यायला तीन, कधी चार वर्षे लागतात. त्या सप्टेंबरात जाणार. मग हा खटाटोप कशासाठी?

"कशासाठी म्हणजे? पोरं कोणावर जातात ते बघायला."

"पण बघायला तुम्ही इथे नसणार."

"तुम्ही असाल की."

बशी तिथेच राहिली. खाली आले.

८ जुलै

भिंतीकडेला एक खुजे झाड आहे. वहिनींचा जास्त खोल गेलेला कांदा असावा, दमादमाने आलेला. त्यावर पांढरीची एक कळी अजून मिटलेली आहे. सकाळी वर जाऊन विचारले, पिवळीचे पराग शिल्लक आहेत का?

वहिनी म्हणाल्या, "फ्रिजमध्ये, लोण्याच्या मागे."

दादाच्या कानाच्या यंत्रातले सेल ज्या डबीत मिळायचे, त्या डबीत होते. गंजाच्या रंगाची पूड, चिमूटभर. शीतकपाटात ती आठवडेच्या आठवडे टिकते. हे कोणत्या पुस्तकात वाचले, असे विचारले. "वाचलं कुठलं? म्हटलं, लोणी टिकतं तर हेही टिकेल."

मला हे सहन व्हायला हवे होते त्यापेक्षा अधिक सहज सहन झाले.

११ जुलै

काल कळी उकलायच्या आधीच तिचे परागकोश चिमट्याने काढले. आज मधल्या दांडीचे टोक ओलसर, चकाकणारे दिसले. म्हणजे वेळ झाली. बारीक कुंचला मी विकत आणला होता. वहिनींसाठी खुर्ची वाफ्याशी ठेवली. त्यांनी तिथून कारभार पाहिला.

"अहो, हळूच! तुम्ही लावताय की सही करताय?"

"मी समप्रमाणात लावते आहे."

"प्रमाण राहू द्या. मनापासून लावा."

मनापासून म्हणजे नेमके कसे, याची व्याख्या मी विचारली नाही. लावले. गंजाच्या रंगाची पूड त्या ओल्या टोकाला लगेच धरली. इतकी झटपट, जणू तिला कोणी तिथे बोलावले होते.

मग टोपीसाठी चांदी लागणार होती. वहिनी म्हणाल्या, "आता चॉकलेट खाल्ल्याशिवाय इलाज नाही," आणि पदार्थ खुर्चीच्या गादीखालून निघाला. म्हणजे माझा सात तारखेचा संशय निम्मा खरा होता! तो मी त्यांच्या निदर्शनास आणून दिला. त्यांनी मोठा तुकडा मला दिला. ही वैद्यकीय खबरदारी असल्याचे त्यांचे म्हणणे पडले.

२६ जुलै

फूल गळून पडले. मागे राहिलेला बुडखा काल खाली झुकलेला होता. आज त्याने मान वर केली आहे, सरळ आकाशाकडे. बोंड धरल्याची हीच खूण असल्याचे पुस्तक सांगते. फुलताना लिली जगाकडे पाहते आणि बी धरताना वर पाहते, हे मी कोणाला सांगायला गेले असते तर हळवेपणा ठरला असता. पण ते वनस्पतिशास्त्र आहे.

वहिनींना खिडकीखालून हाक मारून सांगितले.

"दिवस गेले हो हिला!" त्या वरून ओरडल्या. रस्त्यावरचे दोघे थांबून माझ्याकडे पाहू लागले.

१० ऑगस्ट

मोठा पाऊस. छत्री घेऊन बोंडापाशी उभी होते. वरून आवाज आला, "वन्सं, बोंडाला सर्दी होत नाही. तुम्हाला होते!"

१२ ऑगस्ट

सर्दी. वहिनींनी काढा पाठवला नाही, स्वतः घेऊन आल्या. जिना उतरून. रागावण्याइतका आवाज माझ्यापाशी नव्हता.

२४ ऑगस्ट

भाची येऊन गेली. वरच्या सामानाची मापे घेत होती. वहिनींचे लाकडी कपाट तिच्याकडे मावणार नाही. खुर्ची मावेल. भाची गुणी आहे, कष्टाळू आहे आणि आईवर तिचा जीव आहे. यात कोठेही दोष काढता येत नाही. मी प्रयत्न केला.

जाताना तिने विचारले, "आत्या, तू राहशील ना गं नीट, एकटी?"

मी म्हटले, मी कायम एकटीच राहत आले आहे.

"एकटी कुठे? तू खाली राहत आलीस."

वाक्याची रचना निर्दोष आहे. आशय मला पुरेसा स्पष्ट झाला नाही. तरी लिहून ठेवते.

११ सप्टेंबर

बोंड तपकिरी झाले आणि टोकाशी फाटले. आज कापून वहिनींच्या टेबलावर उघडले. आत तीन खणांत कागदासारख्या चकत्या, एकीवर एक, अशा नेटक्या रचलेल्या, की कोणताही दफ्तरदार लाजावा. एका बोंडात इतके!

प्रत्येक बी उजेडात धरून पाहावे लागते. आत सुतासारखी रेघ दिसली तर ते भरलेले. नाही दिसली तर पोकळ. आम्ही खिडकीपाशी समोरासमोर बसलो. "हे भरलेलं." "हे पोकळ." "हेही भरलेलं, बघा, रेघ कशी ऐटीत बसलीये आत!" वहिनींची नजर माझ्याहून तीक्ष्ण आहे. त्यांच्या ढिगात मला एकही चूक सापडली नाही. मी मुद्दाम पुन्हा तपासले.

काम संपता संपता त्या म्हणाल्या, "निम्मं मी नेते. गॅलरीत बघते लावून."

"तिथे वारा आहे. जगणार नाहीत."

"मग सगळं तुम्ही ठेवा." मग त्यांनी विचारले, "वन्सं, तुम्ही मला एकदाही राहा म्हणाला नाहीत."

"मला तसं कोणी विचारलं नाही."

"पोरीनं विचारलं होतं की. तुम्ही 'योग्य' म्हणालात."

"निर्णय योग्य आहे का, एवढंच तिनं विचारलं होतं."

"मग काय विचारायला हवं होतं?"

चांगला प्रश्न होता. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणालाही तो सुचला नसता. मी बियांच्या पाकिटावर तारीख घालत बसले.

१४ सप्टेंबर

पुढील चिठ्ठी आज सकाळी वरच्या दाराखालून आत सरकवली. प्रत येथे उतरवते.

"वहिनींस,

भरलेले बी वेगळे करून कोरड्या जागी ठेवले आहे. पहिल्या वर्षी त्यातून गवतासारखे एक पान येईल, एवढेच. दुसऱ्या वर्षी खाली वाटाण्याएवढा कांदा धरेल. फूल चौथ्या वर्षापर्यंत येईल. हे काम एकट्या माणसाचे नाही. पुस्तके मी वाचू शकते. पण या दोन झाडांची सोयरीक जुळवावी, हे कोणतेही पुस्तक वाचून माझ्या डोक्यात आले नसते, आणि यापुढेही येण्याचा संभव नाही. तुमचे लिलीचे काम पहिल्या प्रतीचे आहे. हे मी मार्चमध्येच सांगायला हवे होते.

भाचीची अडचण जिन्याची आहे आणि ती खरी आहे. सबब, खालचा मजला तुम्ही घ्यावा, वरचा मी घेईन. माझे गुडघे चांगले आहेत. वाफ्याची रांग वरून अधिक स्पष्ट दिसते, हे कारण कोणालाही सांगण्यास पुरेसे आहे. पुस्तके हलवण्याची व्यवस्था मी करेन. खालचे स्वयंपाकघर मोठे आहे, ते तुमच्या उपयोगी पडेल. जेवायला मी खाली येईन. भाचीशी मी स्वतः बोलेन, आणि तिचे म्हणणे पूर्ण ऐकून घेईन.

निर्णय योग्य असल्याचे माझे मत मी मागे घेत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे, की तो मला नको आहे.

तुम्ही राहाल का? हो किंवा नाही, एवढे कळवावे, पण लेखी कळवावे. तोंडी उत्तर मी ग्राह्य धरणार नाही, कारण तोंडी बोलताना तुम्ही हसता, आणि मग मला माझा मुद्दा आठवत नाही."